डोळ्यांभोवतीचं पांढरं

रस्ता कापणाऱ्या माणसाने मशीन बंद केलं, डोळ्यांवरचा जाड चष्मा कपाळावर सरकवला, आणि ती चालता चालता थांबली. डांबराच्या धुळीने त्याचा सगळा चेहरा काळवंडला होता. चष्म्याखाली झाकलेली कातडी तेवढी राहिली होती. दोन फिकट, स्वच्छ कडी आणि त्यांच्या मधोमध उन्हाने मिचमिचणारे डोळे. एवढंच. अंधारात जिना उतरताना पायरी संपली असं वाटावं आणि अजून एक निघावी, तसं तिला झालं. "बाई, पुढे व्हा, खड्डा आहे," तो म्हणाला. ती पुढे झाली नाही. "काय झालं? भूत दिसलं का?" "तुमच्या डोळ्यांभोवती पांढरं आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं काळं आहे म्हणा की सरळ," तो हसून म्हणाला, आणि चष्मा खाली ओढून पुन्हा मशीनवर वाकला. त्या कर्कश आवाजात ती पिशवी छातीशी धरून उभी राहिली. पिशवीत पाव, साबण आणि एकटीला तीन दिवस पुरेल एवढं सगळं होतं. आज गुरुवार, तिच्या सुट्टीचा दिवस. सुट्टीच्या दिवशी ती अकराच्या सुमाराला बाहेर पडायची, सामान आणायची, चार मजले चढायची, कपडे वाळत घालायची, आणि दुपारी खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या खिडक्या बघत राहायची. आज मात्र तिला ते कडं दिसलं होतं, आणि ते तिने परवाच, मंगळवारी, बोटभर अंतरावरून पाहिलं होतं. धुळीच्या चेहऱ्यावर नव्हे. मुठीएवढ्या चेहऱ्यावर.

वॉर्डात तिला सगळे थेंबमावशी म्हणत. तिच्या हुद्द्याला दुसरं एक लांबलचक नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसाखेरीज कोणी उच्चारत नसे. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेट्यांत ठेवलेली असत, आणि डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी दुपारी त्यांना तपासायला येत, कारण अशा बाळांच्या डोळ्यांतला पडदा पुरता तयार झालेला नसतो. त्यावरच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायच्या आतच बाळ बाहेर येतं, आणि मग बाहेरच्या हवेत, नळीतल्या प्राणवायूत त्या वाट चुकतात, वेड्यावाकड्या वाढतात, आणि वाढता वाढता पडद्याला ओढून सोडवतात. वेळेत धरलं तर थांबवता येतं. वेळेत म्हणजे दिवसांच्या हिशोबात. कधी कधी त्याहूनही कमी. पण आत डोकवायचं तर आधी बाहुली उघडली पाहिजे, आणि बाहुली उघडण्यासाठी थेंब. डॉक्टर येण्याच्या तासभर आधी ती सुरू करायची. दहा-दहा मिनिटांनी, तीन वेळा, दोन्ही डोळ्यांत. खालची पापणी करंगळीने किंचित ओढायची. करंगळीनेच, कारण बाकीची बोटं त्या चेहऱ्याला मोठी होतात. थेंब टाकायचा, ओघळलेला लगेच कापसाने टिपायचा, नाहीतर तेवढंसं औषधही अंगात भिनून बाळाचा श्वास रेंगाळतो. मग पुढची पेटी. बाळांची नावं कोणी ठेवलेली नसत, ठेवली तरी आईबाप ती उच्चारायला भीत, म्हणून वॉर्डात त्यांना जन्माच्या वजनाने ओळखत. हजार दहा. नऊशे चाळीस. खिडकीशेजारच्या पेटीत आठशेवीस. आठशेवीस आता चांगला सोळाशेच्या वर गेला होता, पण नाव तेच राहिलं होतं. "मोठा होऊन नोकरीला लागला तरी मी ह्याला आठशेवीसच म्हणणार," मोठ्या सिस्टर म्हणायच्या.

मंगळवारी अकरा बाळं होती. तिसरी फेरी चालू असताना नऊशे चाळीसचा श्वास थांबला, यंत्र केकाटू लागलं, सगळ्या धावल्या, तीही धावली. तळपायाला टिचक्या मारून, पाठ चोळून बाळाला पुन्हा श्वास घ्यायला लावला, आणि ती परत आपल्या बाटलीपाशी आली तेव्हा तिच्या मनातली माळ तुटलेली होती. खिडकीशेजारी झालं होतं का? तिने पेटीच्या भोकातून हात घातला होता, आणि हात घालताना तिला दिसलं होतं. आता, रस्त्यावर, तिला ते पुन्हा जसंच्या तसं दिसलं: आठशेवीसच्या लालसर चेहऱ्यावर, दोन्ही डोळ्यांभोवती, कोणीतरी बोट टेकवून उचलावं तसं पांढुरकं कडं. त्या औषधाने तसं होतं. इतक्या नाजूक कातडीतल्या शिरा आकसतात, रक्त मागे हटतं, आणि अर्धा-पाऊण तास डोळ्यांभोवती पांढरं राहतं. बावीस वर्षांत तिने ते हजारदा पाहिलं होतं, इतक्यांदा की आता ते बघूनही बघितल्यासारखं होत नसे. म्हणजे थेंब पडले होते. तिन्ही वेळा नाही तरी दोनदा पडले होते, आणि शंका आली म्हणून तिने आणखी एकदा टाकला होता. मग डॉक्टर आले. डोक्याला दिव्याचा पट्टा, हातात भिंग, अकरापैकी नववं बाळ, त्यांना पुढे कुठेतरी शस्त्रक्रियेला पोचायचं होतं. आठशेवीसला दुपट्यात घट्ट गुंडाळून तिने त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. डॉक्टरांनी भिंग पुढे-मागे केलं, पुन्हा केलं. "ह्याची बाहुली उघडलीच नाही," ते म्हणाले. "टाचणीच्या टोकाएवढी आहे. मावशी, थेंब घातले होते ना?"

आणि ती म्हणाली होती, "राहिले असतील, डॉक्टर. माझंच चुकलं."

ते शब्द तिच्या तोंडातून किती सहज आले होते! मऊ, गुळगुळीत, वर्षानुवर्षं हाताळलेले. ते म्हटल्याबरोबर खोलीतली हवा सैल व्हायची, समोरच्याच्या कपाळावरची आठी जायची, आणि तिला आत कुठेतरी गोड वाटायचं. हो, गोडच, उगाच दुसरा शब्द कशाला. डॉक्टरही सैलावले. "असू दे. अकरा बाळं आणि दोन हात. पुढच्या मंगळवारी ह्याला पहिला घेऊ." कागदावर त्यांनी लिहिलं: बाहुली उघडली नाही, थेंब अपुरे, एका आठवड्याने पुन्हा. मोठ्या सिस्टरने जाता जाता तिच्या खांद्यावर थोपटलं. ती त्या दिवशी घरी गेली ती अगदी हलक्या मनाने.

आता तिला आठवत होतं ते दुसरंच. पहिल्या वर्षी, ती नवी असताना, हेच डॉक्टर तरुण होते, केस काळे होते, आणि बोलायला त्यांना वेळ असे. त्यांनी तिला भिंगातून एकदा दाखवलं होतं. तिला नारिंगी धुक्याखेरीज काही दिसलं नव्हतं. मग ते म्हणाले होते, "बाहुली उघडली नाही तर दोनच गोष्टी. एक, थेंब पडले नाहीत. दुसरी, आत वणवा लागलाय. इतका, की बाहुलीसुद्धा आखडली आहे. तो सगळ्यांत वाईट प्रकार. तो आठवडाभर थांबत नाही. पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे, आणि ती नक्की असेल तरच मला दुसरी कळणार. म्हणून मला तुमच्या हातांवर विश्वास ठेवावा लागतो." थेंब पडले होते. बाहुली उघडली नव्हती. मशीन रस्ता कापत होतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार.

ती लहान असताना घरामागच्या सभागृहात एक म्हातारे बुवा येत आणि गाऊन उपदेश करत. आई तिला घेऊन जायची, धाकटीला शेजारी ठेवून. ते आधी एखादी ओळ गायचे, मग गोष्ट सुरू करायचे, गोष्ट अगदी ऐन रंगात आली की थांबून पुन्हा तीच ओळ, मग एखादा विनोद, की पुढची रांग हसून लोटपोट, आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळायचं नाही. त्यांच्या आवाजाला वरच्या सुरात किंचित चीर होती, आणि तिला नेहमी वाटायचं की देव त्या चिरेतूनच आत येतो. अजूनही वाटतं. एकटं राहणाऱ्या माणसाला जे काय सोबतीला लागतं, ते तिच्याजवळ तेवढंच होतं: सकाळी दिव्यापाशी ती गुणगुणायची त्यातल्या दोन-चार ओळी, आणि दिवसभराचं सगळं देवापाशी बोलणं, भांडी घासताना, जिना चढताना, बसमध्ये. तर त्यांची एक गोष्ट होती राजवाड्याच्या दारावर दिवा लावणाऱ्याची. रोज रात्री दिवा विझायचा, रोज सकाळी राजा विचारायचा, दिवा का विझला? आणि हा हात जोडून म्हणायचा, माझंच चुकलं महाराज, तेल कमी घातलं. राजा म्हणायचा, केवढा नम्र! दुसऱ्या रात्री जास्त तेल. दिवा पुन्हा विझला. पुन्हा, माझंच चुकलं, वात आखूड झाली. इथे ते थांबायचे आणि गायचे, आणि आईच्या मांडीवर तिला झोप लागायची. तिने ही गोष्ट तीनदा तरी ऐकली असेल, तिन्ही वेळा वातीपाशीच झोपली. शेवट तिला माहीत नव्हता. तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं की शेवटी देव त्या दिवेवाल्याला उचलून घेत असणार.

आईला ती गोष्ट घरात आणायची सवय. बाबा तापट, जेवण खारट झालं, कागद सापडला नाही, कुठूनही ठिणगी पडे. आई लगेच म्हणे, माझंच चुकलं, आणि बाबा गप्प होत. ती नऊ वर्षांची असताना धाकटीने बाबांचा निळ्या काचेचा पेला फोडला. बाबा दारात, धाकटी कोपऱ्यात थरथरत, आणि ती पुढे होऊन म्हणाली, मी फोडला. माझंच चुकलं. बाबांनी तिच्याकडे खूप वेळ बघितलं आणि ते निघून गेले. आईने तिला पोटाशी धरलं. त्या दिवशी तिला तो शब्द मिळाला. पुढे तो तिने किती वापरला! शाळेत, परिचारिकेच्या शिक्षणात, ठरता ठरता मोडलेल्या लग्नात. तिकडचे लोक कारण सांगेनात, तर हिनेच सांगून टाकलं, माझंच काहीतरी कमी पडलं असेल. ते सुटले, आई रडली, आणि नेमकं काय झालं होतं ते आजपर्यंत कोणालाच कळलं नाही. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला तेव्हा आई नव्हती, धाकटी सासरी दूर. अकरा वर्षं ती रोज रात्री आणि सकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होती. बाबा मान मागे टाकून, तोंड लहान मुलासारखं उघडं ठेवून बसायचे. "पडला का?" "पडला." शेवटच्या वर्षी, नजर जवळजवळ गेलेली, ते एकदा तसेच मान मागे टाकलेले म्हणाले, "तो निळा पेला तू फोडला नव्हतास." तिने हसून विषय टाळला. "हसू नकोस. मला तेव्हाच कळलं होतं. मला धाकटीशी बोलायचं होतं गं. रागावायचं नव्हतं, ती फार घाबरायची मला, ते विचारायचं होतं. तू मध्ये उभी राहिलीस. मग ते राहूनच गेलं." एक थेंब त्यांच्या कानाकडे ओघळला. तो औषधाचाच होता असं तिने धरलं आणि टिपला.

तिने पिशवी एका बंद दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि वॉर्डात फोन लावला. मशीनच्या आवाजामुळे दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं. मोठ्या सिस्टरच होत्या. "मावशी! अहो, सुट्टीच्या दिवशी तरी घरी बसा की. का घर चावतं तुम्हाला?"

"आठशेवीस कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? काल दुपारी वाजतगाजत घरी गेला. त्याच्या आईने सगळ्यांना पाया पडून पडून हैराण केलं. तुम्हाला शोधत होती, तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात खाली होतात."

"त्याला आत्ता बोलवायला हवं. सिस्टर, मंगळवारी मी थेंब घातले होते."

"पण तुम्हीच तर म्हणालात—"

"म्हणाले. खोटं म्हणाले. घातले होते, त्याचे डोळे पांढरे पडले होते भोवतीने, मी पाहिलं होतं. तरी बाहुली उघडली नाही."

सिस्टरचा आवाज आला, थट्टा पुसलेला. "तुम्हाला नक्की आठवतंय? का आता घरी बसून मनाचे खेळ चाललेत? कारण डॉक्टर आज दिवसभर शस्त्रक्रियेत आहेत, आणि मी त्यांना उठवलं आणि काही निघालं नाही, तर ते आपल्या दोघींना भिंगाखाली घालतील."

नक्की? हीच तर जागा होती. इथेच तो गुळगुळीत शब्द जिभेवर आपोआप येऊन बसला. असेल माझ्या मनाचाच खेळ. माझंच चुकत असेल. मंगळवार पाच दिवसांवर आहे, बघतीलच की. किती सोपं होतं! आणि तिला प्रथमच त्या गोडीच्या खालची चव लागली. ती नम्रता नव्हतीच. ती एक कडी होती, दाराला आतून लावलेली. आत ती एकटी, बिनधोक, कोणी काही विचारू शकत नव्हतं, कोणी जवळ येऊ शकत नव्हतं. चूक कबूल केलेल्या माणसाशी पुढे कोण काय बोलणार? "नक्की," ती म्हणाली. "मी घातले होते. बरोबर घातले होते. माझं काही चुकलं नव्हतं. तुम्ही त्यांना माझ्या नावाने उठवा. मी त्याच्या आईला फोन करते."

बाळाच्या आईने चौथ्या घंटेला फोन उचलला आणि कुजबुजत बोलली. "मावशी? थांबा, आत्ताच झोपलाय. अहो, किती गोड झोपलाय म्हणून सांगू! घरात आल्यावर एकदाही निळा पडला नाही."

"त्याला घेऊन ये. आत्ता."

"आत्ता? दोन महिन्यांनी काल घरी आलाय हो. ह्याचे बाबा गाडी घेऊन गेलेत, परवा येतील. पुढच्या मंगळवारी बोलावलंय ना? उद्या सकाळी आणला तर?"

"उद्या नाही. दूध पाजू नकोस आता, तसाच गुंडाळ आणि टॅक्सीत बस. डोळे बघायचेत."

"काय झालंय त्याच्या डोळ्यांना?" कुजबूज संपली होती. मागे बाळाने बारीक चूं केलं.

"मला माहीत नाही, बाळा. पण माहीत करून घ्यायला आजच हवं."

बसमध्ये ती दाराजवळ उभी राहिली, जागा असूनही. पिशवी पायरीवरच राहिल्याचं तिला दोन थांबे गेल्यावर आठवलं. एक माणूस फोनवर कोणाला तरी पडद्याच्या कापडाचं माप सांगत होता, एक मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. त्यांच्या डोळ्यांना सगळं दिसत होतं, आणि त्याचं कोणाला काही नव्हतं. देवा, ती मनात म्हणाली, आणि पुढे काही सुचेना. एरवी तिची यादी ठरलेली असे. आज तिला दिवेवाल्याची गोष्ट पुढे सरकताना दिसली, कोणी न सांगता. तेल वाढवलं, वात वाढवली, आणि दिवा विझतच राहिला, कारण भिंतीला भेग होती आणि वारा तिथून येत होता. हा रोज हात जोडून उभा, म्हणून भिंतीकडे कोणी बघितलंच नाही. बुवांनी शेवट हाच केला असेल का, कोण जाणे. तिला एकदम वाटलं, हाच असणार. आणि त्यावर त्यांनी पहिल्या रांगेला हसवलंही असणार, आणि हसता हसता तिच्यासारखी कोणीतरी गप्प झाली असणार. देवा, माझ्या चुका मोज, ती म्हणाली, पण खऱ्या मोज. मी खोट्या घालून त्यांची गर्दी केली.

डॉक्टर शस्त्रक्रियेच्या हिरव्या कपड्यांतच आले. बाळाला तिने गुंडाळलेलं होतं, जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवला होता, तीन फेऱ्या घातल्या होत्या आणि प्रत्येक फेरीला मोठ्या सिस्टरला शेजारी उभं करून "बघा, पडला" असं मोठ्याने म्हटलं होतं. डोळ्यांभोवती पांढरं कडं उमटलं होतं. बाहुली टाचणीच्या टोकाएवढीच होती. "तुम्ही मला म्हणालात, राहिले असतील," डॉक्टर तिच्याकडे न बघता पट्टा आवळत म्हणाले. "म्हणाले. ते खरं नव्हतं." "मग का म्हणालात?" ह्याचं उत्तर द्यायला एक अख्खं आयुष्य सांगावं लागलं असतं. "सवयीने," ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, एखादा अनोळखी माणूस ओळखीचा निघावा तसं. मग त्यांनी पापण्यांत बारीक तार बसवली आणि वाकले. तिच्या तळव्यांमध्ये ते डोकं होतं, गरम, पातळ हाडांचं, टाळूपाशी लकलक उडणारं. बाळ ओरडत होतं, पण इतक्या लहान बाळाचं ओरडणं दोन हातांपलीकडे जात नाही. त्या टाचणीएवढ्या भोकातून डॉक्टर कितीतरी वेळ बघत राहिले. उजवा, डावा, पुन्हा उजवा. "आज," ते म्हणाले. "आज म्हणजे आत्ता. लेसर इकडेच आणा. ह्याला झोपेचं द्या. मंगळवारपर्यंत थांबलो असतो तर—" ते वाक्य त्यांनी तिथेच ठेवलं.

दोन्ही डोळ्यांना मिळून अडीच तास लागले. खोलीचे दिवे मालवलेले, भिंगातून पडणारा हिरवा ठिपका, पायाखालचं बटण दाबल्याचा टक् असा आवाज, शेकडो वेळा, एकसारखा. जिथे रक्तवाहिन्या पोचल्या नव्हत्या तो पडदा जाळत जायचं, म्हणजे उरलेला, मधला, बघण्याचा पडदा वाचतो. थोडी जागा द्यायची आणि बाकीचं घर राखायचं. ती डोकं धरून उभी होती. कंबर मोडून आली, बोटं बधिर झाली, आणि तरी तिला असं वाटत होतं की किती तरी वर्षांत आपण कोणाच्या इतक्या जवळ उभ्या राहिलो नव्हतो. शेवटी डॉक्टरांनी पट्टा काढला. कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता. "डावा वाचेल असं वाटतं. उजव्याची कड ओढली गेली आहे. दोन दिवसांपूर्वी कदाचित नसती, कदाचित असतीही. उजव्याबद्दल मी आज काही बोलत नाही." हात धुताना त्यांनी आवाज खाली आणला. "मावशी, ऐका. ते पांढरं मलाही दिसलं असतं, मी भिंगातून मान वर काढली असती तर. बाहेर काय सांगायचं ते मी सांगतो. आजार झपाट्याने वाढला, तुम्ही लक्षात आणून दिलंत. ह्यात खोटं एक अक्षर नाही."

खरंच नव्हतं. बाहेर बाकावर आई बसली होती, मांडीवर रिकामं दुपटं, अंगावर घरातलेच कपडे, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्या पायात भलतीच. तिला पाहून ती उठली आणि सरळ तिच्या गळ्यात पडली. "सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला रस्त्यात आठवलं म्हणून. तुम्ही नसता तर? तुमच्या रूपाने देवच आला हो मावशी." तिच्या केसांना दुधाचा वास येत होता. कोणी मिठी मारून किती वर्षं झाली होती ते मोजायचं तिने टाळलं. असंच राहावं, एवढंच तिला वाटलं. अजून थोडा वेळ, मग बघू. आयुष्यभर जे शब्द आपणहून धावत येत होते ते आता, त्यांची खरी जागा आल्यावर, कुठेच सापडत नव्हते. ते जड झाले होते, आणि जड झाले म्हणजे बहुधा खरे होते.

"खाली बस," ती म्हणाली, आणि स्वतःही बसली. "डावा डोळा वाचेल म्हणतात. उजव्याचं सांगता येत नाही. आणि दुसरं ऐक. हे मंगळवारीच कळायला हवं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, थेंब घातले का. मी घातले होते आणि नाही म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं असतं. दोन दिवस माझ्यामुळे गेले."

आईने काही न कळल्यासारखं तिच्याकडे बघितलं. मग कळल्यासारखं. ती बाकावर थोडी सरकली, दूर, एका माणसाची जागा मध्ये राहील इतकी. दुपट्याच्या कडा जुळवल्या, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मोठ्या सिस्टर दारातून डोकावल्या आणि आत गेल्या. थेंबमावशी तशीच बसून राहिली. आणखी एखादा शब्द टाकून हवा सैल करावी असं तिला फार वाटलं, आणि तिने तो टाकला नाही.

"पुन्हा कधी तपासायचंय?" आईने समोर बघत विचारलं.

"चार दिवसांनी. सोमवारी."

"तेव्हा थेंब कोण घालणार?"

"दुसरी एक सिस्टर आहे. चांगली आहे. मी तिला सांगून ठेवते."

"नको," आई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता आणि ती अजूनही तिच्याकडे बघत नव्हती. "तुम्हीच घाला. पण मी शेजारी उभी राहणार. प्रत्येक थेंबाला. बाहेर जा म्हणालात तरी जाणार नाही."

"म्हणणार नाही," ती म्हणाली.